ब्रेकचं सगळं नवीन टाकलं, तरी पेडल मऊ का?

जुनी पद्मिनी, अँबॅसेडर नाहीतर तसलीच कुठलीतरी गाडी, चारही चाकांचे ब्रेक उघडले, लायनर नवीन, व्हील सिलिंडरला किट टाकलं, मास्टर सिलिंडर नवा आणला, होज पाईपसुद्धा बदलले, बिल बघून घरच्यांनी तोंड वाकडं केलं ते वेगळंच, आणि एवढं सगळं करून सीटवर बसून पेडल दाबलं तर पाय गादीत गेल्यासारखा खाली जातो. मग ज्याला विचाराल तो एकच उत्तर देतो, एअर आहे, म्हणजे ऑईलच्या पाईपात हवा अडकलीय, एअर काढ. आणि माणूस एअर काढतो, परत काढतो, डब्यामागून डबा ब्रेक ऑईल निपलमधून, म्हणजे चाकापाशी हवा काढायला असलेल्या पोकळ स्क्रूमधून, बाटलीत ओततो, पेडल थोडं वर येतं आणि दुसऱ्या दिवशी परत तिथंच. माझं म्हणणं एवढंच आहे की निपलला पाना लावायच्या आधी पेडल नेमकं कसं मऊ आहे ते पायाने ओळखा, कारण नवीन काम केलेल्या ड्रमवाल्या गाडीत (ड्रम म्हणजे चाकाबरोबर फिरणारा गोल डबा, त्याला आतून लायनर घासला की ब्रेक लागतो) एअर हे कारण असतंच असं नाही, आणि बऱ्याचदा असलं तरी ते एकटं नसतं.

उदाहरणाला पद्मिनीच घेतो, कारण चारही चाकांना ड्रम आणि ड्रममधल्या सगळ्या भानगडी त्यात आल्या. कुर्ल्याच्या प्रीमियरच्या कारखान्यातली ही गाडी, मुंबईत टॅक्सी म्हणून ३० ऑक्टोबर २०२३ पासून कायमची बंद झाली, त्यामुळे आता उरल्यात त्या बहुतेक हौशी लोकांकडे, आणि रोज ह्याच गाडीवर हात चालवणारे मिस्त्री पण कमी होत चाललेत. मग नव्या पिढीचा मेकॅनिक, ज्याने आयुष्यभर डिस्क पॅड बदललेत, तो ड्रमचं काम करतो आणि सेटिंगच, म्हणजे लायनर आणि ड्रममधली फट लावायचंच, विसरतो. त्याचा दोष नाही, आजकालच्या गाडीत ते आपोआप होतं.

आधी आत काय चालतं ते बघू. तुम्ही पेडल दाबता, पेडल हा तरफ आहे, पायाचा जोर साधारण पाचपट करून मास्टर सिलिंडरच्या पिस्टनला देतो, पण फुकट काही मिळत नाही, जोर पाचपट झाला की पिस्टन पायाच्या एक पंचमांशच सरकतो. पिस्टनने ढकललेलं ऑईल पाईपातून चाकापर्यंत जातं, तिथल्या व्हील सिलिंडरचे दोन पिस्टन बाहेर ढकलतं, ते लायनरला ड्रमवर दाबतात. ऑईल दाबून लहान होत नाही म्हटलं तरी चालेल, म्हणून इकडे ढकललं की तिकडे लगेच जोर पोचतो. हवा मात्र दाबली की लहान होते, आणि ब्रेकच्या दाबाला तर जवळजवळ नाहीशीच होते.

आता थोडं गणित, कंटाळा करू नका, सगळा लेख ह्यावरच आहे. मास्टर सिलिंडर पाऊण इंचाचा म्हणजे १९ मिलीमीटरचा धरा, त्याचं तोंड होतं साधारण २.८ चौरस सेंटीमीटर. सिस्टीममध्ये कुठेतरी फक्त १ सीसी हवा राहिली, म्हणजे इंजेक्शनच्या लहान सिरिंजमध्ये मावेल एवढी, तर ती दाबायला पिस्टनला साडेतीन मिलीमीटर जास्त सरकावं लागतं, आणि पेडल पाचपट म्हणजे जवळजवळ पावणेदोन सेंटीमीटर जास्त खाली जातं. आता दुसरं बघा. हवा अजिबात नाही, पण लायनर आणि ड्रममधली फट जास्त आहे, इतकी की प्रत्येक व्हील सिलिंडरचा प्रत्येक पिस्टन अर्धा मिलीमीटर जास्त बाहेर यायला हवा. व्हील सिलिंडर पण पाऊण इंचाचेच धरा, चार चाकं, आठ पिस्टन, मिळून लागतं एक सीसीपेक्षा थोडं जास्त ऑईल, म्हणजे पेडल परत दोन सेंटीमीटर खाली. पायाला दोन्ही सारखंच खाली गेल्यासारखं वाटतं, मिस्त्री दोन्हीला एअर म्हणतो, पण दुसऱ्या केसमध्ये तुम्ही टाकीभर ऑईल वाहवलं तरी पेडल एक मिलीमीटर वर येणार नाही.

फरक कळतो तो पेडल जिथे थांबतं तिथे. फट जास्त असेल तर पेडल खाली जातं पण जिथे लागतं तिथे कडक लागतं, दगडासारखं. हवा असेल तर ते कुठे लागलं हेच नीट कळत नाही, दाबत जाल तसं थोडं थोडं आणखी जातं, सोडलं की स्प्रिंगसारखं वर येतं. दोन्हीकडे भराभर दोन-तीनदा पंप केलं की पेडल वर येतं, म्हणून नुसतं "पंप केलं की येतं" ह्याच्यावरून निकाल लावू नका, वर आल्यावर ते कडक आहे की लवचिक आहे ते बघा. आणि तिसरा प्रकार, जो सगळ्यात घाण, पेडल नीट वर लागतं, कडकपण लागतं, पण पाय तसाच दाबून ठेवला की हळूहळू, लिफ्ट खाली जावी तसं बुडत जातं. ती हवा नाही आणि फटपण नाही. तिथे ऑईल कुठूनतरी निसटतंय, बाहेर गळत नसेल तर मास्टर सिलिंडरच्या आतल्या रबरी वॉशरवरून मागे येतंय.

फटीपासून सुरू करतो कारण ते फुकटात तपासता येतं. हँडब्रेक पूर्ण ओढा आणि मग पेडल दाबा. हँडब्रेक सोडलेला असताना पेडल खोल आणि ओढल्यावर एकदम वर लागत असेल, तर मागच्या चाकांची फट जास्त आहे, विषय संपला, कारण हँडब्रेकने लायनर आधीच ड्रमपाशी नेऊन ठेवले. पुढच्या चाकांना अशी सोय नाही, तिथे जॅक लावून चाक हाताने फिरवूनच बघावं लागतं. सेटिंग करताना कुठल्या गाडीत बॅकप्लेटच्या (ड्रमची आतली बाजू झाकणारा, न फिरणारा पत्रा) मागे चौकोनी डोक्याचा बोल्ट असतो, कुठे आत दात्यांचं चाक असतं, कुठे पुढच्या एकाच चाकाला दोन ॲडजस्टर असतात आणि लोक एकच फिरवून मोकळे होतात. पद्धत सगळीकडे तीच, चाक हाताने फिरायचं बंद होईपर्यंत टाईट करा, पेडल एकदा जोरात दाबून सोडा म्हणजे लायनर मधोमध बसतात, परत टाईट होतंय का बघा, आणि मग चाक मोकळं फिरेल, अगदी बारीक घासल्याचा आवाज येईल एवढंच मागे घ्या. एक गोष्ट मात्र आधी करा, हँडब्रेकची केबल पूर्ण ढिली करा. केबल ताणलेली असेल तर लायनर आधीच अर्धे उघडलेले असतात, तुम्हाला वाटतं सेटिंग झालं, आणि झालेलं काहीच नसतं. केबल सगळ्यात शेवटी.

सेटिंग परफेक्ट आहे, एअर पण काढली, तरी पेडल स्पंजसारखं. आता जे सांगतो ते फार कमी लोक बघतात. जुना ड्रम लेथवर मारून घेतला की त्याचा आतला व्यास वाढतो, आणि नवीन लायनर येतात मूळ मापाच्या ड्रमसाठी. म्हणजे लायनरची गोलाई ड्रमपेक्षा जास्त वळलेली, तो मध्यभागीच टेकतो आणि दोन्ही टोकं हवेत राहतात. पेडल दाबलं की अख्खा शू, म्हणजे लायनर ज्याच्यावर बसवलेला असतो तो लोखंडी कमानीसारखा भाग, धनुष्यासारखा वाकून टोकं टेकवायचा प्रयत्न करतो, आणि ते वाकणं तुमच्या पायाला मऊ लागतं, अगदी हुबेहूब हवा असल्यासारखं. तपासायचं तर शाळेतला खडू घ्या, ड्रम उतरवून आतून पूर्ण गोल खडू फासा, परत बसवा, चाक फिरवत पेडल हलकंसं दाबा, मग ड्रम काढून लायनर बघा. पांढरं पूर्ण लांबीला पुसट लागलं असेल तर छान. मधेच उठून दिसणारा पांढरा पट्टा आणि टोकं स्वच्छ काळी असतील तर तुमचा आजार सापडला. जुने लायनरवाले शू ड्रमच्या मापाने घासून द्यायचे, अजून काही ठिकाणी देतात, विचारा. तिथे देत नसतील तर गाडी हळू चालवून लायनर बसायची वाट बघणं हा एक उपाय आहे, पण तोपर्यंत ब्रेक कमी लागणार हे डोक्यात ठेवून. घरी लायनर घासायचा विचार असेल तर जरा थांबा, जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असायचं, ती धूळ फुफ्फुसात गेली की परत येत नाही, ड्रममधली पूड पण कॉम्प्रेसरच्या हवेने उडवू नका, ओल्या फडक्याने पुसा.

आता हवेकडे. आहे की नाही ह्याची एक साधी टेस्ट, दोन माणसं लागतात. एकाने पेडल भराभर पंधरा-वीस वेळा मारून धरून ठेवायचं, दुसऱ्याने मास्टरला ऑईल पुरवणाऱ्या डबीचं झाकण काढून बघायचं, तोंड लांब ठेवून, कारण हे ऑईल डोळ्यात गेलं की काय होतं ते अनुभवू नका आणि गाडीच्या रंगावर सांडलं तर रंग सोडवून काढतं, लगेच पाणी मारावं लागतं. मग पेडल झटकन सोडायला सांगा. ऑईलवर थोडी लाट उठली तर नॉर्मल. कारंजं उडालं तर आत हवा आहे, तुम्ही पंप करून दाबून ठेवलेली ती हवा फुगली आणि ऑईल मागे फेकलं.

हवा राहते कुठे? पहिली जागा मास्टर सिलिंडर स्वतः. नवीन मास्टर कोरडा बसवला तर त्याच्या पोटात हवा असते, आणि तो जर गाडीत तोंड वर करून तिरका बसत असेल तर ती हवा पुढच्या टोकाला जाऊन बसते, चाकाच्या निपलमधून ती कधीच येत नाही. म्हणून मास्टर बसवायच्या आधी बाकावर शिकंजामध्ये आडवा धरून, तोंडाला छोट्या नळ्या लावून त्या परत डबीतच सोडायच्या आणि दांडीने हळूहळू पिस्टन दाबत राहायचं, बुडबुडे बंद होईपर्यंत. आधीच बसवलाय तर गाडीची मागची बाजू जॅकने उचलून तो सपाट करता येतो. दुसरी जागा चाकापाशी. हवा नेहमी वर जाणार, म्हणून निपल सगळ्यात वर असायला हवा. डिस्कवाल्या गाडीत डावा-उजवा कॅलिपर (डिस्कवर पॅड दाबणारा भाग) बदलून बसला तर निपल खाली जातो आणि मग तुम्ही महिनाभर एअर काढत बसा, वरची हवा तिथेच. हसू नका, चांगल्या चांगल्या गॅरेजात होतं. तिसरी जागा मागच्या पाईपाचा जिथे डोंगर होतो ती, ॲक्सलच्या वर वगैरे, तिथे हळू वाहणारं ऑईल हवेच्या खालून निघून जातं.

काढायची पद्धत सगळ्यांना माहिती असते आणि सगळे चुकीची करतात. आत बसलेला भाचा धडाधड पंप करतो, बाहेरचा मामा ओरडतो धर, निपल उघडतो, तोपर्यंत एका मोठ्या बुडबुड्याचे शंभर बारीक बुडबुडे झालेले असतात, आणि ते पाईपाला चिकटून बसतात. सावकाश करा. दाब म्हटलं की हळू दाबायचं, खाली गेलं की "गेलं" म्हणायचं आणि पाय तसाच ठेवायचा, बाहेरच्याने निपल बंद केल्यावरच "सोड" म्हणायचं, मग पाय वर. निपल उघडा असताना पेडल सोडलं तर हवा परत आत. सगळ्यात लांबचं चाक आधी, आपल्याकडे स्टिअरिंग उजवीकडे म्हणजे बहुतेक गाड्यांत मागचं डावं. डबीत ऑईल संपू देऊ नका, संपलं की पहिल्यापासून. आणि जुनाच मास्टर ठेवला असेल तर पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवा, पिस्टन रोज जेवढा जातो तेवढाच जाऊ द्या, कारण पुढच्या भागात वर्षानुवर्षं पिस्टन गेलेलाच नसतो, तिथे गंज असतो, आणि एअर काढताना फ्लोअरपर्यंत पाय मारला की त्या गंजावरून वॉशर फाटतात. काम करायच्या आधी ठीक असलेला मास्टर काम झाल्यावर "अचानक" गेला असं लोक म्हणतात ना, तो असा जातो.

व्हॅक्यूम पंपाने काढत असाल आणि नळीत बारीक बुडबुडे येणं थांबतच नसेल तर घाबरू नका, बऱ्याचदा ती हवा निपलच्या आट्यांमधून पंप ओढत असतो, सिस्टीममधली नसते. आणि रात्रभर पेडल काठीने दाबून ठेवायची जुनी युक्ती, सीट आणि पेडलच्या मधे काठी अडकवून, ती चिकटलेल्या बारीक बुडबुड्यांना थोडीफार लागू पडते, मोठ्या पोकळीला नाही. करायचीच तर ब्रेक लाईटची वायर काढून ठेवा, नाहीतर सकाळी पेडल कडक आणि बॅटरी मऊ.

आता ती केस, रात्री पेडल मस्त, सकाळी परत मऊ, आणि कुठे एक थेंब गळलेला नाही. ड्रमवाल्या बऱ्याच जुन्या गाड्यांत मास्टरच्या तोंडाशी एक छोटा व्हॉल्व्ह असतो, तो पेडल सोडल्यावरसुद्धा पाईपात किंचित दाब धरून ठेवतो, साधारण दहा पीएसआयच्या (टायरची हवा मोजतात तेच माप) आसपास. कशाला? तर व्हील सिलिंडरमधल्या रबरी कपची कड आतून भिंतीला टेकलेली राहावी म्हणून. हा दाब नसेल तर पेडल झटकन सोडताना ऑईल मागे ओढलं जातं, कपची कड सैल होते आणि ड्रमच्या बाजूने हवा आत शिरते, ऑईल बाहेर न येता. किट टाकताना तो व्हॉल्व्ह कचरा समजून बाहेर राहिला, किंवा नवीन मास्टर डिस्कवाल्या गाडीचा "हाच बसतो" म्हणून दुकानदाराने दिला, की हे सुरू होतं. काही गाड्यांत त्याच्याऐवजी कपच्या आत स्प्रिंगबरोबर पत्र्याची वाटी असते, ती कपची कड पसरवून ठेवते. जुनं सामान टेबलावर मांडून नवीनशी एक एक जुळवून बघा, जुना एकही तुकडा काम संपेपर्यंत फेकू नका.

रबराचा आणखी एक घात आपल्याकडे हमखास होतो, तो म्हणजे सगळं पेट्रोल नाहीतर डिझेलमध्ये धुणं. ब्रेकचं रबर ब्रेक ऑईलसाठी बनवलेलं, पेट्रोल-डिझेल-ग्रीस लागलं की ते फुगतं, मऊ होतं, पिस्टन अडकतो. ब्रेक ऑईलने किंवा स्पिरिटने धुवा, बसवताना ब्रेक ऑईलच लावा.

बुडत जाणाऱ्या पेडलसाठी, आणि एकूणच कुठल्या चाकात लोचा आहे ते शोधायला, होज पाईप चिमटून बघायची पद्धत भारी आहे. गोल तोंडाचे होज क्लॅम्प मिळतात, ते वापरा, प्लायर नको, पाईप आतून तुटतो आणि बाहेरून कळत नाही. जुन्या कडक झालेल्या आणि स्टीलच्या जाळीवाल्या पाईपला हे करूच नका. सगळे होज बंद करून पेडल दाबलं आणि तरी ते मऊ किंवा बुडतंय, तर दोष मास्टरमध्ये नाहीतर लोखंडी पाईपांच्या जोडात. सगळे बंद असताना दगड झालं तर मास्टर पास, मग एकेक क्लॅम्प सोडा, ज्याला सोडल्यावर पेडल बसलं तिथे काम. होज स्वतःच फुगत असेल तर ते मात्र क्लॅम्पने नीट समजत नाही, त्यासाठी कुणीतरी पेडल दाबताना पाईपावर हात ठेवा, फुगा झाल्यासारखा लागतो.

पेडल आणि मास्टरमधली दांडी पण बघा, तिथे एखादा मिलीमीटर मोकळीक हवी. जास्त असेल तर पेडल फुकटच खाली जातं. अजिबात नसेल तर उलटं होतं, पिस्टन पूर्ण मागे येत नाही, डबीकडे जाणारं बारीक भोक झाकलेलं राहतं, आणि गाडी चालून गरम झाली की ऑईल फुगून ब्रेक आपोआप धरतात. काही लोक पेडल वर आणायला ही दांडी लांब करतात, ते कधीच करू नका.

पुढे डिस्क असलेल्या गाड्यांत, मारुती झेन वगैरे, एक वेगळा प्रकार, चालवताना पहिल्यांदा पेडल खाली आणि लगेच दुसऱ्यांदा दाबलं की नॉर्मल. उभ्या गाडीत सगळं ठीक. तिथे बेअरिंग ढिलं किंवा डिस्क वाकडी असते, ती हलता हलता पॅडला मागे ढकलते. बेअरिंग बघा, हवा काढत बसू नका. बूस्टरवाल्या गाडीत (बूस्टर म्हणजे इंजिनच्या व्हॅक्यूमने पायाचा जोर वाढवणारा डबा) इंजिन चालू केल्यावर पेडल थोडं खाली जातं ते बरोबरच आहे, टेस्ट इंजिन बंद ठेवून आणि चार-पाच वेळा पंप करून बूस्टर रिकामा झाल्यावर करा.

ऑईलबद्दल थोडक्यात. डॉट ३ (डॉट म्हणजे ब्रेक ऑईलच्या डब्यावर लिहिलेला दर्जा) नवीन असताना किमान २०५ अंशांना उकळतं, पण हवेतलं पाणी शोषून शोषून ३.७ टक्के पाणी झालं की १४० वर येतं. डॉट ४ तसंच २३० वरून १५५ वर. कोकणात पावसाळ्यात अर्धा उघडा डबा शेडमध्ये ठेवून पुढच्या वर्षी तोच वापरणारे लोक मी बघितलेत. त्यांचं पेडल घरी कडक लागतं आणि आंबोलीचा घाट उतरताना मधेच मऊ होतं, कारण आत वाफ झाली, आणि गाडी थंड झाल्यावर मिस्त्रीला दाखवली तर काहीच नसतं. सीलबंद छोटा डबा घ्या, उरलं तर फेका. सिलिकॉनवालं डॉट ५ ह्याच्यात मिसळू नका.

रस्त्यावर काढायच्या आधी सोसायटीच्या आवारातच पहिल्या गिअरमध्ये, हात हँडब्रेकवर ठेवून बघा, मग मोकळा सपाट रस्ता, घाट नको आणि हायवे तर नकोच. दोन-तीनशे किलोमीटर चालली की नवीन लायनर ड्रमवर बसतात, थोडे झिजतात, फट परत वाढते आणि पेडल परत किंचित खाली येतं, तेव्हा चारही चाकांचं सेटिंग पुन्हा एकदा करायचं आहे, केबल ढिली करून, पहिल्यासारखंच.